उंद्रीचा आकडा

जनार्दन,

परवा शनिवारी चिखलीत तुझी शोकसभा झाली. ज्या हायस्कुलात आपले विज्ञानाचे शनिवार भरायचे त्याच हायस्कुलात, त्याच लांब खोलीत. टेबलावर तुझा फोटो, त्याला झेंडूचा हार, आणि समोर जिल्ह्यातले पन्नासेक मास्तर. सगळे चांगलं बोलले. कोणी म्हणालं वक्तशीर, कोणी म्हणालं शिस्तीचा, आणि एका नव्या पोरगेल्या सरांनी तर तुला मितभाषी करून टाकलं. तू आणि मितभाषी. अकोल्याला ट्रेनिंगच्या वर्षात माझ्या कानाला एक दिवस सुटी दिली नव्हतीस, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक.

माझं नाव शेवटी ठेवलं होतं. 'इंगळे सरांचे सर्वांत जुने स्नेही' म्हणून. मी उठून उभा राहिलो. तिथं मी काय बोललो ते तुला सांगावं म्हणून हा कागद घेतलाय. पण सरळ तिथं जाता येत नाही. अकरा वर्षांपूर्वी मी तुला एक खोटा आकडा दिला आणि त्याचं जे काही व्हायचं ते तुझं झालं, माझं काही झालं नाही. हे तुला सांगायचं होतं. दर वर्षी सांगणार होतो. आता तू नाहीस आणि मला टाळायलाही कोणी उरलं नाही.

तू गेल्याची तार आली तेव्हा मी आठवीच्या वर्गावर होतो. खरं सांगू? पहिल्यांदा रडू आलंच नाही. पहिल्यांदा मनात आलं, सुटलो. मग स्वतःचीच अशी किळस आली की वर्ग सोडून मागच्या पडवीत जाऊन उभा राहिलो आणि मग जे रडू आलं ते आवरेना. हेडमास्तर पाणी घेऊन आले. त्यांना वाटलं केवढी ही मैत्री.

मैत्री होतीच रे. पण तिच्यात माझी एक खोट होती, ती आज लिहून टाकतो. अकोल्याला तुला कोणी खोली देत नव्हतं. दोन ठिकाणी आडनाव ऐकून होकार दिला आणि वस्ती कोणती म्हणून विचारल्यावर नकार दिला. मी म्हटलं, माझ्यासोबत राहा. उंद्रीच्या पाटलाच्या भावकीतला मी, घरमालकाची काय बिशाद. आपण राहिलो, एका स्टोव्हवर दोघांचा भात शिजवला, एकाच कंदिलावर अभ्यास केला. तू ते विसरून गेलास, निदान कधी बोलून दाखवलं नाहीस. मी मात्र विसरलो नाही. मी ते उपकारासारखं जपून ठेवलं. पुढं सगळं जे वाकडं झालं ते तिथून झालं, असं मला वाटतं.

महाराष्ट्र नवा होता. नवा अभ्यासक्रम आला, विज्ञान सगळ्यांना सक्तीचं झालं, आणि शाळाशाळांत सामानाच्या पेट्या आल्या. गवतात गुंडाळलेल्या परीक्षानळ्या, बीकर, थर्मामीटर, लोहचुंबक. ज्या मास्तरांनी त्या शिकवायच्या त्यांनी स्वतः जन्मात कधी हातात धरल्या नव्हत्या. फुटलं तर माथी येईल या धाकानं प्रत्येक हेडमास्तरनं पेटी कपाटात घातली आणि किल्ली कमरेला लावली. आम्ही फळ्यावर खडूनं बीकर काढायचो, त्यात खडूनंच पाणी भरायचो आणि खालून खडूची ज्योत लावायचो. त्या पाण्याला उकळी फुटायला अर्धा मिनिटही लागत नसे.

तेव्हा विज्ञान शिक्षकांच्या उन्हाळ्यातल्या लांब शिबिराला जिल्ह्यातून एक माणूस पाठवायचा होता. तुझी निवड झाली. तू परत आलास आणि महिन्याच्या एका शनिवारी दुपारी, सकाळची शाळा सुटल्यावर, आसपासच्या विज्ञान मास्तरांना चिखलीत जमवायचं असं ठरलं. शिकवणारा तू. शिकायला बसणारे आम्ही बारा. त्यात मी. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या हे तुझ्या लक्षात आलं होतं का? आलंच असणार. ज्याला मी खोली दिली तो आता मला धडा देणार, हे मला पचत नव्हतं. बायको म्हणाली, "जाता काऊन नाही? जनार्दन भाऊजीच तं हायेत." मी तिच्यावर ओरडलो.

पहिला शनिवार मात्र मी आयुष्यात विसरणार नाही. तू काही भाषण केलं नाहीस. दोघादोघांत एक स्टोव्ह, एक पातेलं, एक थर्मामीटर दिलास आणि म्हणालास, पाणी उकळा आणि किती अंशावर उकळतं ते चिठ्ठीवर लिहून द्या. आम्ही हसलो. मेहकरचे काळे गुरुजी, आपल्यात सगळ्यांत वडील, म्हणाले, "इंगळे, हे तं चौथीतल्या पोट्ट्यालेही माहीत हाय." तू म्हणालास, "मग सोपं आहे ना गुरुजी, करून टाका."

पाणी उकळलं. बारा जणांच्या बारा चिठ्ठ्या तुझ्या हातात आल्या. बाराही चिठ्ठ्यांवर शंभर.

तू त्या चिठ्ठ्या टेबलावर ओळीनं मांडल्यास. मग म्हणालास, "स्टोव्ह चालूच आहेत. थर्मामीटर अजून पाण्यातच आहेत. आता जरा डोळे खाली करून वाचा." आम्ही वाकलो. पारा अठ्ठ्याण्णवावर उभा होता. काळे गुरुजी म्हणाले थर्मामीटर बिघडलंय. तू विचारलंस, "सहाच्या सहा, गुरुजी? आणि सारखेच?" आम्ही बारा पदवीधर माणसं, डोळ्यांसमोर अठ्ठ्याण्णव दिसत असताना हातानं शंभर लिहून मोकळे झालो होतो, कारण पुस्तकात शंभर होतं. पुस्तक समुद्राकाठच्या पाण्याचं होतं. आपण घाटावर दोन हजार फुटांच्या आसपास बसलेलो. हवा विरळ, दाब कमी, पाणी आधी उकळणार. हे आम्हाला सगळ्यांना परीक्षेपुरतं येत होतं. आपल्या चहाच्या आधणालाही ते लागू आहे हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

त्या दिवशी तू ओरडला असतास तर बरं झालं असतं. तू म्हणालास, "म्या बी शिबिरात शंभरच लिहिले होते." आणि सगळे मोकळेपणी हसले. मीही हसलो. हसलो आणि आत कुठंतरी जळलो, की हे मला का नाही सुचलं.

मग तुझ्या डोक्यात ती कल्पना आली. प्रत्येकानं आपापल्या गावात पाणी उकळून आकडा आणायचा. घाटावरचे, घाटाखालचे, सगळे आकडे एका नकाशावर लावायचे. आपला जिल्हा कुठं किती उंच हे स्टोव्ह आणि थर्मामीटर घेऊन मास्तरांनी मोजलं, असं बुलढाण्याच्या मोठ्या सभेत वरच्या साहेबांपुढं मांडायचं. तू म्हणायचास की एकदा हे त्यांनी पाहिलं तर शनिवार कायमचे मंजूर होतील, कपाटं उघडतील. तुझे डोळे असे चमकत होते की कोणाला नाही म्हणवलं नाही. बारा जणांनी बारा गावं वाटून घेतली. उंद्री माझं.

मी पाणी उकळलं नाही, जनार्दन.

का नाही, याची पुष्कळ कारणं मी स्वतःला सांगत आलो. हेडमास्तर किल्ली देत नव्हते, हे खरं आहे, पण मी मागितली एकदाच. शेतात सोंगणी होती, तीही खरीच, पण स्टोव्ह पेटवायला किती वेळ लागतो. खरं कारण एवढंच की तू मला घरचा अभ्यास दिला होतास आणि मी तो करणार नव्हतो. आकडा द्यायच्या दिवशी चिखलीच्या एस.टी.त बसल्या बसल्या मी अंदाज बांधला. उंद्री जरा खोलगट वाटते, म्हणजे चिखलीपेक्षा जास्त असणार. लिहिलं साडेनव्व्याण्णव. अर्धा अंश मुद्दाम लावला, खरा वाटावा म्हणून.

तू चिठ्ठी पाहिलीस. मला बाजूला घेतलंस. "प्रभ्या, उंद्रीचा आकडा पक्का आहे ना?"

"पक्का."

"पुन्हा एकदा उकळून पाहशील का? अजून पंधरा दिवस आहेत सभेला."

"काऊन बे? माह्यावर इस्वास नाही काय तुहा?"

तू माझ्याकडं पाहिलंस. किती वेळ पाहिलंस ते मला अजून आठवतं. मग म्हणालास, "आहे ना. असं काय बोलतोस." आणि चिठ्ठी खिशात घातलीस.

पुढचं तुला माहीतच आहे, पण माझ्या बाजूनं ते कसं दिसलं ते तुला माहीत नाही. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. तू नकाशा टांगलास. रंगीत खडूनं घाट काढला होतास, वर निळा, खाली तांबडा. बुलढाण्याचा आकडा सगळ्यांत कमी, मग चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, आणि घाटाखाली धामणगाव बढ्याचा नव्व्याण्णव. सगळं ओळीत. आणि मधेच घाटावर, चिखलीच्या शेजारी, उंद्री, साडेनव्व्याण्णव. साहेबांनी छडी त्याच्यावरच ठेवली. म्हणाले, "इंगळे, तुमच्या हिशेबानं उंद्री धामणगावच्याही खाली गेली की. कधी खचली?" सभागृह हसलं. हसणं लगेच थांबलं नाही. साहेब पुढं म्हणाले की ज्यांना थर्मामीटर वाचता येत नाही त्यांनी जिल्हा मोजायला निघू नये. त्यांनी विचारलं, हा आकडा कोणी आणला.

तू म्हणालास, "नकाशा मी केला आहे साहेब. जबाबदारी माझी."

माझ्या मागच्या रांगेतून कोणीतरी हळूच बोललं, "ह्या लोकायच्या हाती शास्त्र देलं की हे असंच होते." 'हे लोक' म्हणजे कोण, ते त्या सभागृहात प्रत्येकाला कळलं. मला तर सगळ्यांत आधी कळलं. मी वळून त्याच्या कानाखाली वाजवायला हवी होती. निदान उठून म्हणायला हवं होतं की चूक ह्या लोकांची नाही, पाटलांच्या भावकीतल्या प्रभाकराची आहे. मी माझ्या बुटांकडं पाहत बसलो. नवेच होते, सभेसाठी घेतलेले.

शनिवारची परवानगी गेली. तू तरीही हटला नाहीस, रविवारी बोलवायला लागलास. पहिल्या रविवारी सहा आले, मग चार. मी एकाही रविवारी आलो नाही. पेरणी, पाहुणे, पोरीचा ताप, काहीतरी कळवत राहिलो. शेवटच्या रविवारी दोघंच होते असं ऐकलं, आणि तू त्या दोघांना घेऊनही संध्याकाळपर्यंत भिंगाचा प्रयोग केलास असंही ऐकलं. मग ते बंद पडलं. कपाटांना पुन्हा कुलपं लागली. माझ्या शाळेतलंही लागलं, आणि मला त्याचं बरं वाटलं.

अकरा वर्षं आपण भेटत राहिलो. लग्नांत, पेपर तपासणीत, एस.टी. स्टँडवर. तू माझ्या पोरीच्या लग्नात वाढायला उभा होतास. आपण पाऊसपाणी, बदल्या, पोरांची शिक्षणं, सगळं बोललो. फक्त पाणी किती अंशावर उकळतं ते बोललो नाही. या दिवाळीनंतर चिखलीला भेटलास तेव्हा माझी गाडी लागली होती. तू माझी पिशवी धरून चढवून दिलीस आणि खिडकीशी येऊन म्हणालास, "प्रभ्या, काही सांगायचं होतं का तुला?" मी म्हटलं, "नाही बे. काय सांगायचं?" तू हात हलवलास. गाडी सुटली. ती शेवटची भेट आपली.

मला वाटत राहिलं, याला संशय आहे. नुसता संशय. संशयाचं मी ओझं घेतलं नाही.

आता वहिनींचं ऐक. पुण्यानुमोदनाला मी देऊळगावला आलो होतो. भंतेजींचं झालं, जेवणं झाली, बायामाणसं पांगली. वहिनी ओट्यावर बसल्या होत्या. मी शेजारी बसलो, म्हटलं, जनार्दन फार मोठा माणूस होता. त्या कोरड्या आवाजात म्हणाल्या, "मोठे होते, हाव. माह्या घरचा स्टोव्ह घेऊन गेले होते एकडाव. दिवसभर चुलीवर रांधलं म्या."

मी विचारलं, कुठं नेला होता?

"तुमच्या उंद्रीले. तुमाले नाही माहीत?" त्या माझ्याकडं पाहायला लागल्या. "बुलढाण्याची ती सभा होती ना, तिच्या आंधीच्या ऐतवारी. एस.टी.वाल्यानं घासलेट ओतून द्याले लावलं म्हने, मंग चिखलीतून बाटलीत घेतलं. गावाबाहीर लिंबाखाली बसून पानी उकळलं. तीनदा. घरी आले तं तोंड उतरलेलं. म्या इचारलं, काय झालं. म्हने, प्रभाकरचा आकडा चुकला."

जनार्दन, मी ओटा धरून बसलो.

"म्या म्हटलं, मंग बदला. हातात खडू हाय, बदलून टाका. तं म्हने, आकडा त्याचा हाय. तोच बदलन. येईन तो." वहिनींनी पदरानं डोळे पुसले. "मी धामनगावची, आमच्या गावाचा आकडा बराबर होता, मले त्याचंच कौतुक. पुढं काय झालं ते तुमाले माहीत. बोलले नाहीत ते तुमच्याविषयी कधी. कधीमधी म्हनत, येईन तो प्रभ्या."

मी उठलो आणि चप्पल घालून चालायला लागलो. निरोप घेतला की नाही तेही आठवत नाही. देऊळगावच्या स्टँडवर उलट्या दिशेच्या, जालन्याकडं जाणाऱ्या गाडीत बसलो होतो, कंडक्टरनं उतरवलं.

तुझ्यावर मला राग आला, हे तुला सांगितलंच पाहिजे. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मी रागावलो, आणि अजून तो पुरता गेलेला नाही. तू उंद्रीला आलास. त्या लिंबाखाली, माझ्या घराच्या दोन शेतं अलीकडं बसलास. घासलेट संपलं असतं तर माझ्या घरून आलं असतं, माझ्या घरचा चहा झाला असता. तू न भेटता परत गेलास. चुकीचा आकडा आहे हे माहीत असून तो निळ्या खडूनं लिहिलास आणि साहेबांपुढं टांगलास. हा कसला हट्ट? मुलांच्या वह्या लाल शाईनं रंगवायचास, माझी एक चिठ्ठी दुरुस्त करायला तुझा हात का धजला नाही? तू म्हणायचास, मास्तराची चूक दुसऱ्यानं खोडली तर त्याला अपमान तेवढा कळतो, चूक कळत नाही. त्यानं स्वतः खोडली तरच तो पुन्हा शिकतो. ऐकायला फार छान आहे. पण त्यापायी बारा मास्तरांचे शनिवार गेले, तुझं नाव गेलं, ते मागच्या रांगेतलं वाक्य तुला ऐकून घ्यावं लागलं. एका माझ्यासाठी? मी त्या लायकीचा होतो का? मी तुझ्याशी यावर भांडलो असतो. दिवसभर भांडलो असतो. तू जिंकलाही असतास, तुझ्याशी कोण जिंकलंय. पण भांडायला तरी मिळालं असतं.

आणि तेवढंच हेही खरं, की माझ्यावर असा विश्वास माझ्या बापानंही ठेवला नाही.

तर शोकसभा. मी उठलो, खिशात लिहून आणलेलं भाषण होतं. ते काढलंच नाही. मी म्हटलं, इंगळे सरांच्या नकाशातला उंद्रीचा आकडा माझा होता. मी पाणी उकळलं नव्हतं. अंदाजानं लिहिला. साहेबांनी विचारलं तेव्हा मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो आणि गप्प राहिलो. सर बरोबर होते, नकाशा बरोबर होता, चूक एकट्या माझी. एवढंच. बसलो.

अध्यक्षांनी घसा खाकरला आणि घाईघाईनं सगळ्यांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. सभा सुटल्यावर लोक माझ्या बाजूनं वाट काढून गेले. त्या नव्या सरांनी तर मान फिरवली. बरोबरच आहे. शोकसभेत येऊन स्वतःचं गाऱ्हाणं काढणारा म्हातारा, असंच वाटलं असेल.

फाटकाजवळ काळे गुरुजी उभे होते. आता काठी लागते त्यांना, एका डोळ्यानं दिसत नाही. माझा हात धरला. म्हणाले, "प्रभाकर, म्याही नव्हतं उकळलं."

मी म्हटलं, काय सांगता गुरुजी?

"खरं सांगतो. माह्या हातून थर्मामीटर फुटलं असतं तं हेडमास्तरनं जीव खाल्ला असता. म्या चिखलीचा आकडा पाहिला आन त्याच्यापाशीचा लिहून देला. तो बराबर निंगाला. म्हून मले कोणी काही इचारलं नाही." मग म्हणाले, "आन म्या आतापावतर कोणाले सांगतलं नाही. तुह्यासारखं."

मी विचारलं, जनार्दननं तुम्हालाही विचारलं होतं का, पक्का आहे का म्हणून?

"इचारलं ना. साऱ्यायले एकएक करून बाजूले घेऊन इचारलं त्यानं. म्हने, गुरुजी, पुन्हा एकडाव उकळून पाहाल का? म्या म्हटलं, पाहीन. आन पाहिलं नाही."

सगळ्यांना विचारलं होतंस. बाराही जणांना. तीच गोष्ट, त्याच शब्दांत. आणि मी अकरा वर्षं मनात धरून बसलो की तू एकट्या माझ्यावर अविश्वास दाखवलास. त्या एका रागावर मी माझा सगळा खोटेपणा उभा केला होता. तो राग खोटा निघाला. मला एस.टी. मिळेपर्यंत काळे गुरुजी माझा हात धरून उभे होते.

बारापैकी कितींनी खरंच उकळलं होतं, कोण जाणे. तुला माहीत होतं का रे? नसेल तर बरं.

आज सोमवार. सकाळी शाळेत गेलो, हेडमास्तरांकडून कपाटाची किल्ली घेतली. ते म्हणाले, पारा फुटला तर. मी म्हटलं, फुटू द्या. पेटीतलं गवत काळं पडलंय. थर्मामीटर मात्र शाबूत होतं. आठवीच्या वर्गातच स्टोव्ह लावला, पातेलं घरून आणलं होतं. पोरं भोवती जमली. थर्मामीटर दोन्ही हातांनी धरलं. पहिल्यांदा अठ्ठ्याण्णव आणि वर एक बारीक रेघ, दोन दशांशाची. पाणी बदललं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. पोरांनी वहीत लिहिलं. मी खाली बसून वाचलं, डोळे पाऱ्याच्या बरोबर समोर आणून, तू शिकवलं होतंस तसं.

दुपारी पोस्टात जाऊन एक कार्ड घेतलं. त्याच्यावर दुसरं काही लिहिलं नाही. उंद्री, अठ्ठ्याण्णव पूर्णांक दोन दशांश, तीनदा पाहिला, प्रभाकर. पत्ता लिहायला लागलो तर वहिनींचं नाव लिहिता येईना. तुझंच लिहिलं. श्री. जनार्दन इंगळे, विज्ञान शिक्षक, देऊळगाव राजा. पोस्टमास्तरांनी वाचलं, त्यांना तू गेल्याचं माहीत होतं, ते माझ्या तोंडाकडं पाहत राहिले. मी म्हटलं, टाका. अकरा वर्षं उशीर झालाय, अजून नको.